ट्रामखालचा राजवाडा

ब्रुसेल्समधला प्लास रोयाल हा चौक फूटपट्टी लावून आखलेला आहे. चहूबाजूंना एकाच उंचीच्या, एकाच पांढऱ्या रंगाच्या इमारती. एका अंगाला ग्रीक देवळाचे खांब लावलेलं सेंट जॅकचं चर्च. मधोमध घोड्यावर बसून निशाण उंचावणारा गॉडफ्री, पहिल्या क्रूसयुद्धातला सरदार. त्याच्या बाजूनं खडखडत जाणाऱ्या ९२ आणि ९३ नंबरच्या ट्राम. सगळं नीटनेटकं, राजेशाही आणि खरं सांगायचं तर जरा कंटाळवाणं. युरोपात असे चौक पोत्यानं सापडतात.

पण या चौकाच्या फरसबंदीखाली सहाएकशे वर्षं नांदलेला एक राजवाडा आहे. त्याची तळघरं, चॅपेलचा पाया, मुदपाकखाना, दरबारमंडपाचा तळ आणि डोक्यावर आकाश न उरलेला एक आख्खा रस्ता. जिना आहे, दिवे आहेत, तिकीट काढून खुशाल उतरता येतं. तरीही ट्राममधल्या किती जणांना हे ठाऊक असेल कोण जाणे. माझा सख्खा भाचा याच ट्रामनं रोज कचेरीत जायचा आणि त्यालाही पत्ता नव्हता.

“मावशी, खाली काय आहे म्हणालीस?”

“राजवाडा.”

“राजवाडा तो काय, समोर आहे की!”

समोर राजवाडा आहेच. बेल्जियमच्या राजाचा. पण बेल्जियम हा देशच मुळी १८३० सालचा. त्याचा पहिला राजा लिओपोल्ड यानं २१ जुलै १८३१ रोजी याच चौकात, सेंट जॅक चर्चसमोर, जनतेच्या साक्षीनं शपथ घेतली. त्या वेळी खालचा राजवाडा जळून शंभर वर्षं होऊन गेली होती. त्या राखेवर फरशी बसवूनच पन्नासएक वर्षं झाली होती. शपथेला जमलेल्या गर्दीतल्या म्हाताऱ्यांपैकी एखाद्यानं लहानपणी तिथले काळवंडलेले भग्न सज्जे पाहिलेही असतील.

आत जायची वाट बेलव्यू नावाच्या संग्रहालयातून आहे. ही इमारत एके काळी ब्रुसेल्समधलं बडं हॉटेल होती. तिकीट दाखवून जिना उतरू लागलो आणि वरचा उकाडा मागे पडला. दहा-वीस पायऱ्यांत हवा बदलली. जुन्या विटांना येतो तो ओलसर वास, गार भिंती, आणि आवाज असा की आपलंच बोलणं आपल्याला दुसऱ्यांदा ऐकू यावं.

पहिल्यांदा लागतात ती मुख्य वाड्याची तळघरं. विटांच्या लांबलचक कमानी, एकामागून एक. इथे राजे-राण्या कधी राहिल्या नाहीत. इथे दारूची पिंपं, लाकूडफाटा, धान्य असला ऐवज राहिला. वरचे महाल ज्यांच्या नावावर होते त्यांची यादी मात्र दबदबा बसवणारी आहे: आधी ब्राबांटचे ड्यूक, मग बर्गंडीचे ड्यूक, मग हाब्सबुर्ग घराण्यातले स्पॅनिश राजे आणि त्यांचे प्रांताधिपती, शेवटी त्याच घराण्याची ऑस्ट्रियन पाती. बाराव्या शतकात टेकडीवरचा एक किल्ला म्हणून सुरुवात झाली. पुढे प्रत्येकानं आपापल्या ऐपतीप्रमाणे एक चौक, एक सज्जा, एक कारंजं वाढवत नेलं. आपल्याकडच्या वाड्यांचं तरी दुसरं काय होतं?

टेकडीचं नाव कुडेनबर्ग. खाली सेन नदीचं खोरं, त्यात व्यापाऱ्यांचं गाव, आणि वर हवेशीर जागी धनी. ही रचना युरोपातही आहे आणि आपल्या घाटमाथ्यावरही आहे. मात्र ब्रुसेल्सकरांना एक जगावेगळी खोड आहे. जे नको असेल ते ते गाडून टाकतात. राजवाडा तर गाडलाच, पण ज्या नदीमुळे गाव वसलं ती सेन नदीसुद्धा १८६७ ते १८७१ या काळात कमानींखाली बंद करून तिच्यावर रुंद रस्ते काढले. गावातून जाताना नदी कुठे आहे असं विचारलं तर लोक जमिनीकडे बोट दाखवतात.

तळघरांतून पुढे चॅपेलच्या पोटात शिरलो. चॅपेल बांधायला घेतलं सम्राट पाचव्या चार्ल्सनं, १५२२च्या सुमारास, आणि ते पुरं व्हायला तीस वर्षं लागली. इतका उशीर लागण्याचं कारण इथे, खाली उभं राहिल्यावर कळतं. टेकडीचा उतार चांगलाच अंगावर येणारा आहे. सम्राटाचा हट्ट असा की प्रार्थनेला जाताना दरबारमंडपातून थेट, एकही पायरी न उतरता चालत जाता आलं पाहिजे. तेव्हा एका बाजूला जमिनीलगत असलेल्या इमारतीला दुसऱ्या बाजूला मजल्यावर मजले रचून आधार द्यावा लागला. आपण उभे असतो ते त्या आधाराच्या मजल्यांत. जाड खांब, दगडी कमानी, त्यांतून फुटणाऱ्या बरगड्या. भाचा स्थापत्य अभियंता. इतका वेळ तो माझी पिशवी धरून मुकाट्यानं चालत होता. इथे तो खांबाला हात लावून थांबला.

“मावशी, हे नुसतं जोतं आहे. कळतंय का? वरचं खरं काम यावर होतं.”

मला कळत होतं. जे डोळ्यांना दिसायचंच नाही अशा पायासाठी दगड घडवून कमानींना नक्षी काढणारा पाथरवट कोण असेल, एवढंच कळत नव्हतं.

या चॅपेलची दैवगती पाहा. राजवाड्याला आग लागली त्यातून ते सहीसलामत वाचलं. पुढे चाळीसएक वर्षांनी नवा चौक आखला तेव्हा त्याची उंची नकाशात बसेना, म्हणून ते पाडलं. आगीला दया आली, ड्रॉईंगला आली नाही.

आणि मग तो रस्ता.

चॅपेलच्या भिंतीला वळसा घातला की आपण एकदम बाहेर येतो, असंच वाटतं. समोर गोट्यांची फरसबंदी केलेला रस्ता. तो सरळ सपाट नाही, चक्क उतरत जातो, आणि त्याच्या दोन्ही अंगांना घरांच्या, वाड्याच्या बाहेरच्या भिंती. मान वर केली तर आकाशाच्या जागी विटांची कमान. रस्त्याचं नाव र्यू इझाबेल. शतकानुशतकं उन्हापावसात असलेला, आणि आता रात्रंदिवस दिव्याखाली.

मी तिथे बराच वेळ काढला. महालांचे अवशेष मी पुष्कळ पाहिले आहेत. जोती, खांबांचे तळ, कमानींचे तुकडे बघून मन आपोआप वरची इमारत उभी करतं. पण रस्ता अवशेष होऊ शकतो हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. रस्त्याचं काय पडणार? त्याला छप्पर नाही, भिंत नाही. इथे उलट झालं होतं. भोवतालचं सगळं गेलं आणि रस्त्याला छप्पर मिळालं. गोट्या मधोमध झिजलेल्या, कडेला अजून टोकदार. माझ्या चपलेखाली त्या नीट लागत होत्या, आणि मी भिंतीच्या आधारानं उतरू लागले तसा भाचा म्हणाला, “आता वर, आपल्या डोक्यावर, रस्ता अगदी सपाट आहे.” खरंच होतं. टेकडीचा मूळ उतार आता फक्त जमिनीखाली शिल्लक आहे.

या रस्त्याची जन्मकथा गोड आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी इथे राज्य करत होती इझाबेला, स्पेनच्या दुसऱ्या फिलिपची लाडकी मुलगी, आणि तिचा नवरा आल्बर्ट. रूबेन्स त्यांचा दरबारी चित्रकार. ब्रुसेल्समध्ये आडव्या धनुष्यानं नेम मारणाऱ्या तिरंदाजांचा एक जुना संघ होता. दर वर्षी चर्चच्या शिखरावर लाकडी पक्षी बांधायचे आणि जो तो पाडेल तो त्या वर्षीचा राजा. १५ मे १६१५ रोजी साब्लों चर्चसमोर इझाबेलानं धनुष्य हातात घेतलं आणि पहिल्याच झटक्यात पक्षी खाली. गावानं तिला डोक्यावर घेतलं. चित्रकारांनी चित्रं काढली. बाईंचा नेम खरा होता की पक्ष्याची दोरी सैल होती, असली शंका दरबारात कोण काढणार? पुढे दहा वर्षांनी तिला राजवाड्यातून थेट मोठ्या चर्चकडे जाणारी वाट हवी झाली. मधली जागा होती याच तिरंदाजांची. त्यांनी जागा सोडली, तिनं त्यांना बदल्यात नवं सभागृह बांधून दिलं आणि रस्त्याला तिचं नाव लागलं.

रस्त्याचा खालचा भाग चौकाखाली गेला नाही. तो उघड्यावर राहिला आणि एकोणिसाव्या शतकात तिथे मुलींची एक शाळा होती. १८४२ साली यॉर्कशरमधून दोन बहिणी फ्रेंच शिकायला त्या शाळेत येऊन राहिल्या. शार्लट आणि एमिली ब्रॉन्टे. शार्लटच्या कादंबऱ्यांत ही शाळा आणि तिथले मास्तर नावं बदलून आले आहेत. तिचे वाचक अजूनही ब्रुसेल्सला येऊन ती शाळा शोधतात. सापडत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सगळी आळीच उठवली गेली आणि त्या जागेजवळ आज व्हिक्तोर ओर्तानं बांधलेलं कलाभवन उभं आहे. म्हणजे जो रस्ता लोकांच्या डोळ्यांसमोर होता तो पुसला गेला आणि जो गाडला होता तो राहिला. हे वाचून, ऐकून कळत नाही. झिजक्या गोट्यांवर उभं राहिल्यावर ते पायांतून चढतं.

रस्ता ओलांडला की आउला माग्ना. हा राजवाड्याचा दरबारमंडप, आणि माझ्या दृष्टीनं या सगळ्या पाताळयात्रेचं मुक्कामाचं ठिकाण. बर्गंडीचा ड्यूक फिलिप द गुड हा पंधराव्या शतकातला युरोपातल्या श्रीमंतांचा श्रीमंत. त्यानं कायम कुठे राहावं यावरून गावागावांत चढाओढ. ब्रुसेल्सच्या नगरपालिकेनं १४५२ ते १४६० या काळात स्वतःच्या खर्चानं हा मंडप त्याला बांधून दिला. हेतू उघड होता: धनी इथे राहिला की दरबार इथे, दरबार इथे की गिऱ्हाईक इथे. सुमारे चाळीस मीटर लांब, सोळा मीटर रुंद, आणि आत एकही खांब नाही. आजच्या नगरपालिका कारखानदारांना फुकट जमीन देतात त्यातलाच प्रकार, फक्त सौंदर्यदृष्टी बरी.

आता उरलं आहे ते मंडपाच्या खालचं. मुदपाकखान्याचे अवशेष, भट्ट्यांच्या खुणा, जाडजूड पांढुरक्या दगडाच्या भिंती. जिथे त्या मंडपाची भुई होती, तिच्याही वर आज चौकाची फरशी आहे. तरी या चार भिंतींच्या तळाशी उभं राहून मनातल्या मनात वर मजला चढवायचा आणि त्यावर २५ ऑक्टोबर १५५५ची दुपार बसवायची.

त्या दिवशी पाचव्या चार्ल्सनं या मंडपात नेदरलँड्सचं राज्य सोडलं. वय पंचावन्न. गाउटनं हातपाय आखडलेले. स्पेन, नेदरलँड्स, मेक्सिको, पेरू, सगळं त्याचं. तो आत आला एका हातात काठी धरून, आणि दुसरा हात बावीस वर्षांच्या एका देखण्या सरदाराच्या खांद्यावर ठेवून. बसल्यावर त्यानं आपल्या आयुष्याचा हिशेब वाचला. मोहिमांचा नाही, प्रवासाचा. जर्मनीला नऊ वेळा, स्पेनला सहा वेळा, इटलीला सात, या नेदरलँड्समध्ये दहा, फ्रान्सला चार, इंग्लंडला दोन, आफ्रिकेला दोन. प्रवासवर्णनं लिहिणाऱ्या माणसाला हा सम्राट एकदम जवळचा वाटू लागतो. एवढी वणवण करून माणूस थकला होता, आणि मंडपातली माणसं रडत होती असं तिथे हजर असलेल्यांनी लिहून ठेवलं आहे. मुख्य म्हणजे त्याचं सार्वजनिक आयुष्य सुरू झालं होतं तेही याच मंडपात. १५१५ साली, पंधरावं वर्ष पुरं व्हायच्या आतच, तो सज्ञान झाल्याचं इथेच जाहीर केलं होतं.

मग मुलाची पाळी आली. दुसरा फिलिप उठला. पण त्याला समोरच्या लोकांच्या भाषेत बोलता येईना. फ्रेंचमध्ये चार शब्द पुटपुटून त्यानं माफी मागितली आणि उरलेलं भाषण आरासच्या बिशपानं त्याच्या वतीनं केलं. लोकांनी काय ओळखायचं ते तेव्हाच ओळखलं असावं. आणि तो खांदा देणारा तरुण? तो ऑरेंजचा विल्यम. पुढे याच फिलिपविरुद्ध नेदरलँड्सच्या बंडाचा तो नेता झाला. ज्याच्या खांद्यावर बापानं भार टाकला त्यानंच मुलाच्या हातून उत्तरेचे प्रांत काढून घेतले. नाटककारानं असा प्रवेश लिहिला असता तर परीक्षकांनी योगायोग फार झाले म्हणून नाकारला असता.

आणखी एक गोष्ट मी भाच्याला तिथेच सांगितली. १५८०च्या सुमारास पोर्तुगालची गादी वारसाविना पडली तेव्हा ती या फिलिपनंच घेतली. म्हणजे गोवा, वसई, चौल, आपली ही सगळी किनारपट्टी कागदोपत्री त्याच्या नावावर आली आणि १६४० पर्यंत त्याच्या घराण्याकडे राहिली. वसईच्या किल्ल्यात ज्या राजाच्या नावानं द्वाही फिरत होती त्याला नेदरलँड्सची वाटणी मिळाली ती इथे, या मुदपाकखान्याच्या वर. भाचा वसईचाच. तो म्हणाला, “म्हणजे एका अर्थानं हे आपल्याच सरकारचं घर!” मी म्हटलं, “घर असेल, पण शेतसाऱ्याची पावती मागायला आलास तर तीनशे वर्षं उशीर झालाय.”

या राजवाड्याच्या मागे बाग होती, चक्रव्यूहासारखी आखलेली वाट होती आणि प्राणी ठेवलेले होते. १५२० साली जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर ब्रुसेल्सला आला, खिडकीतून या बागेचं रेखाटन केलं आणि आपल्या रोजनिशीत तिचं तोंडभर कौतुक केलं. त्याच मुक्कामात त्यानं मेक्सिकोहून कोर्तेसनं पाठवलेला नजराणा पाहिला. एक वाव रुंदीचा सोन्याचा सूर्य, तेवढाच चांदीचा चंद्र, शस्त्रं, वस्त्रं. सोनाराच्या घरात जन्मलेल्या या माणसाला सोन्याचं नवल नव्हतं. ते घडवणाऱ्या दूरदेशीच्या कारागिरांच्या बुद्धीनं तो थक्क झाला, तसं त्यानं लिहिलं. स्पेनवाल्यांनी पुढे असल्या बहुतेक वस्तू वितळवून टाकल्या. परक्या मुलखातली वस्तू बघून किंमत न करता नवल करणारा हा माणूस मला सगळ्या राजांपेक्षा मोठा वाटतो.

आता आग. ३ फेब्रुवारी १७३१ची रात्र. प्रांताधिपती होती मारिया एलिझाबेथ, ऑस्ट्रियन हाब्सबुर्ग घराण्यातल्या सम्राटाची बहीण. कडाक्याची थंडी, पाणी गोठलेलं. आग तिच्या महालात लागली आणि तिथून पसरत गेली. बाई कशाबशा बाहेर पडल्या. सकाळपर्यंत मुख्य वाडा आणि आउला माग्ना दोन्ही बेचिराख. चित्रं गेली, दस्तऐवज गेले. बर्गंडीच्या ड्यूकांनी जमवलेल्या चित्रमय हस्तलिखितांपैकी बरीच मात्र वाचली, आणि तीच आज बेल्जियमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं मूळ धन आहेत. पुढे रीतसर चौकशी झाली. सरकारी निष्कर्ष असा: दरबारच्या नृत्यसमारंभासाठी मुदपाकखान्यात मुरंबे शिजत होते, तिथे साखर पेटली. म्हणजे खापर आचाऱ्यांच्या माथी. महालातल्या विस्तवाकडे कुणी बघितलं नाही, हे अहवालात कसं लिहिणार? सरकारी चौकशीत हलक्या नोकराचं नाव निघायची रीत सगळ्या मुलखांत सारखीच.

तारीख वाचून मी मनातल्या मनात पुण्याला पोहोचले. १० जानेवारी १७३०ला बाजीराव पेशव्यांनी शनिवारवाड्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ला वास्तुशांत केली. म्हणजे इकडे कुडेनबर्ग जळत होता तेव्हा तिकडे शनिवारवाड्याच्या भिंती चढत होत्या. शनिवारवाडाही फेब्रुवारीतच जळाला, १८२८ साली, आणि आठवडाभर धुमसत होता. तिथेही जोती आणि कारंज्यांचे हौद तेवढे राहिले. फरक एवढाच की आपल्या जोत्यांवर ऊन पडतं, पोरं लपंडाव खेळतात, आणि कुठलं जोतं कशाचं होतं हे सांगणारी पाटी शोधावी लागते. इथे प्रत्येक भिंतीपाशी तीन भाषांत माहिती आहे, आणि ऊन नाही.

जळका वाडा चाळीसएक वर्षं तसाच उभा होता. लोक त्याला जळका दरबार म्हणायचे. पैसा नव्हता. मारिया थेरेसा सम्राज्ञीच्या काळात, प्रांताधिपती लोरेनचा चार्ल्स असताना, नवीन चौकाचा आराखडा मंजूर झाला. कामाला १७७५च्या आसपास सुरुवात झाली. वास्तुविशारद बार्नाबे गिमार. त्यानं टेकडी सपाट करायचं ठरवलं. वरच्या भिंती कापल्या, खालच्या दऱ्या भरल्या, तळघरांत राडारोडा लोटला, र्यू इझाबेलवर कमानी टाकल्या, आणि जिथे जुन्या भिंती मजबूत होत्या तिथे त्यांच्यावरच नवी घरं उभी केली. हलवायला गाडे आणि मजूर लागले असते, पुरायला फावडं पुरलं. या काटकसरीचे आपण आज ऋणी आहोत. गिमारला जुन्या वाड्याचं प्रेम असतं आणि त्यानं तो जपायला घेतला असता, तर दोन शतकांच्या दुरुस्त्यांनी त्याचं काय केलं असतं याची कल्पना करवत नाही.

चौकाच्या मध्यभागी आधी त्या लोरेनच्या चार्ल्सचाच पुतळा बसवला होता. फ्रेंच क्रांतिकारकांनी तो उतरवला. १८४८ साली गॉडफ्री आला आणि अजून आहे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत चौक उकरला, आउला माग्नाचे तळ मोकळे केले आणि सगळ्या तुकड्यांना जोडणारी वाट काढली. हेच गाव १९६५ साली ओर्तानं बांधलेलं कामगार-भवन पाडून तिथे ठोकळा इमारत उभी करणारं आहे, हे लक्षात घेतलं तर एवढ्या खटाटोपाचं मोल कळतं.

वाट संपते हूगस्ट्राटन घराण्याच्या वाड्यात. तिथल्या दालनांत उत्खननात सापडलेल्या वस्तू मांडल्या आहेत: काचेचे पेले, मातीची भांडी, कोरीव दगड. बरं आहे सगळं, पण रस्त्यावरून आल्यावर काचेच्या कपाटांकडे मन लागत नाही. मी एका पेल्यापुरती थांबले. काच केसासारख्या बारीक रेषांनी तडकलेली, तरी कड शाबूत. वर शहर उठलं, बसलं, चार राजवटी बदलल्या, आणि हा पेला फुटायचा राहिला.

एका गोष्टीबद्दल मी या लोकांना पैकीच्या पैकी गुण देते. त्यांनी वाडा पुन्हा बांधलेला नाही. मेणाचा सम्राट खुर्चीत बसवलेला नाही. पडद्यांवर थोडी चित्रफीत, एक प्रतिकृती, एवढ्यावर भागवलं आहे. जे गेलं ते गेलं, उरलं ते हे, असं सरळ सांगतात. आपल्याकडे असं काही निघालं असतं तर प्रकाश, ध्वनी आणि तुताऱ्या यांतून त्या गोट्या दिसल्या असत्या का, अशी मला धास्ती आहे.

आपल्याकडच्या सहल कंपन्या ब्रुसेल्सला अर्धा दिवस देतात. त्यात मोठा चौक, लघवी करणाऱ्या पोराचा हातभर पुतळा आणि चॉकलेटचं दुकान. त्या पोरासमोर वीस मिनिटं घालवणाऱ्या टूर मॅनेजरांना माझी विनंती आहे: दहा मिनिटांत फोटो उरका, चॉकलेट विमानतळावरही मिळतं, आणि मंडळींना टेकडी चढून कुडेनबर्गला न्या. चढण दहा-पंधरा मिनिटांची आहे. आत जायला दीड तास हाताशी ठेवा, चपला सपाट घालायला सांगा, आणि सोमवारी जाऊ नका. त्या दिवशी ब्रुसेल्समधली बहुतेक संग्रहालयं बंद असतात.